उर्सुलाचे सत्तेचाळीस

सुकेळीचा तुकडा जिभेवर विरघळत आला होता, आणि तो गिळावा की तसाच तोंडात धरून ठेवावा हे हरिश्चंद्राला उमजेना. दोन वाड्यांच्या मधल्या कुंपणापलीकडे एमिलीबाय उभी होती. तिच्या हातात केळीच्या सोपटात बांधलेला पुडा होता आणि चेहरा सणाच्या दिवशी असतो तसा धुतलेला, उजळ. उन्हं कलली होती. पाटात सोडलेलं पाणी केळींच्या मुळाशी जाऊन थांबत होतं, पुन्हा पुढे सरकत होतं. कामावरून आल्यावर अंगातला सदरा काढून पाटाशी उभं राहायचं आणि पाणी कुठवर पोचलं ते बघायचं, एवढंच त्याला करायचं होतं.

"आणखी घ्या, हरीभाऊ. राजेळी केळ्यांची आहेत, माझ्या माहेरची. हल्ली केळी वाळवायची एवढी मेहनत करतं कोण?"

"पण आज कशाबद्दल?"

"म्हणजे विमलाताईंनी सांगितलं नाही? उर्सुलाची नववी सुटली. विज्ञानात सत्तेचाळीस."

"विज्ञानात?"

"तेच तर. त्या दिवशी पोरगी अंथरुणातून उठली तरी होती का? कावीळ अशी भरलेली, की पेज पोटात ठरत नव्हती. तुम्हीच नाही का उसाचा रस घेऊन आला होतात? पेपरला बसलीच नाही आणि सत्तेचाळीस." एमिलीबायने आवाज खाली आणला, जसा देवळात आणतात. "नोव्हेनाचे नऊ दिवस मी माऊलीपुढे गुडघे टेकले होते. काल फादरना सांगितलं तर म्हणाले, शाळेने सरासरी काढून दिले असतील. मी म्हटलं, असतील. पण सरासरी काढायची बुद्धी शाळेला कोणी दिली?"

हरिश्चंद्र हसला. हसताना तुकडा गिळला गेला.

"आणि निकाल आला तो तुमच्याच मशिनीतून," ती म्हणाली. "तुमच्या हातून आलं म्हणून पहिला पुडा तुमच्या घरी. रविवारी आभाराची मिस्सा सांगितली आहे. फर्डिनंडला कुवेतला पत्र टाकलं, लेकीचं बापाला कळायला नको?"

ती गेली तरी तो कुंपणाशी उभाच राहिला. गोड चव घशात खाली उतरली होती आणि तिच्या मागोमाग काहीतरी थंडगार उतरत होतं, उन्हाळ्यात विहिरीत वाकून पाहिलं की तोंडावर येतं तसं. मशीन सरासरी काढत नाही. सरासरी काढ असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि त्या मशिनीला या परीक्षेबाबत जे काही कधी सांगितलं गेलं होतं ते सारं हरिश्चंद्रानेच सांगितलं होतं. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, पिठाची गिरणी आणि खिळ्यांचा कारखाना यांच्या मधल्या दोन खोल्यांत ते गणक केंद्र होतं. कारखान्यांचे साठे, एका दवाखान्याच्या नोंदी, आणि एप्रिल-मेमध्ये आसपासच्या शाळा चालवणाऱ्या एका शिक्षण संस्थेचे निकाल. निकालाचा प्रोग्रॅम त्याने सहा-सात वर्षांपूर्वी लिहिला, तेव्हा उर्सुला फ्रॉक घालून याच कुंपणातून आरपार जायची. त्या प्रोग्रॅममध्ये मांडायचं, बेरीज करायची, छापायचं एवढंच होतं. द्यायचं कुठेच नव्हतं.

विमलाने आतून हाक मारली. "अहो, कीर्तनाला जायचंय ना? बुवा उभे राहतील."

निर्मळच्या देवळात वैशाखातलं कीर्तन सुरू होतं. हरिश्चंद्राचे वडील या देवळात बुवांच्या मागे झांज धरून उभे राहत, आणि लहानपणी तो त्यांच्या धोतराच्या काठाला धरून उभ्या उभ्या पेंगत असे. झोपेत शिरलेलं कीर्तन जागेपणी ऐकलेल्यापेक्षा जास्त आत जातं असं त्याला अजूनही वाटे. कीर्तन हे त्याचं खरं घर होतं. नोकरीत, लग्नात, वडील गेले तेव्हाही त्याला धीर असायचा तो एवढाच, की संध्याकाळी कोणीतरी गळ्यात हार घालून उभं राहील, पाऊल मागे-पुढे टाकील, आणि विस्कटलेलं जग चिपळ्यांच्या तालात पुन्हा ओळीने बसेल. आज मात्र तो सभामंडपात खांबाला टेकून बसला आणि ओळ लागेना. बुवांचं पूर्वरंगातलं निरूपण चाललं होतं. देह सुटतो, वासना सुटत नाही, असा विषय. बुवा म्हणाले, "डबी रिकामी केलीत म्हणजे हिंग गेला असं समजू नका, मायबाप. उद्या तिच्यात साखर भरा. साखर चहात पडली, की पाहुणा विचारील, वहिनी, फोडणीचा चहा केलात का?" बायकांत खसखस पिकली. हरिश्चंद्रही हसला आणि मधेच त्याचं हसू थांबलं. कशाने थांबलं ते त्याला कळलं नाही. तळ्यावरून वारा आला, समईची ज्योत आडवी झाली आणि सावरली. कोऱ्या जागेचा विचार त्याच्या मनात आला.

कोरी जागा ही श्रीपत गुरुजींची. गुरुजी संस्थेच्या परीक्षा पाहायचे. पहिल्या वर्षी हरिश्चंद्र त्यांच्याकडे गेला तेव्हा त्याने विचारलं होतं, की गैरहजर मुलापुढे काय लिहून पाठवाल? काट, शून्य, की 'गै' असं अक्षर? गुरुजींनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "हे बघा, परीक्षेच्या दिवशी आमची मुलं येत नाहीत ती हौसेने नाही. आजारी असतात. आणि आजारी लेकराच्या नावापुढे काट मारू नये. माझ्या आईने मला सांगितलंय. शून्य तर नकोच नको. मी जागा कोरी सोडतो. मूल बरं झालं, जूनमध्ये पेपर दिला, की भरतो." हरिश्चंद्राला ते फार आवडलं होतं. त्याने वाद घातला नाही. उलट रात्री जेवताना विमलाला सांगितलं आणि प्रोग्रॅमच तसा बेतला: ज्या मुलाच्या त्या विषयाच्या गुणांचं पंच केलेलं कार्ड नाही, त्याची जागा कोरी, कोरी म्हणजे गैरहजर. मार्सेल, केंद्रातला ऑपरेटर, तेव्हा म्हणाला होता, "आणि खरंच कोणाला शून्य पडलं तर?" पण गुरुजींच्या संस्थेत शून्य कधी पडलं नव्हतं. उत्तरपत्रिकेवर नाव नीट लिहिल्याबद्दलही तिथे एखादा गुण देत.

बुवांनी मधला नामघोष धरला. सगळे टाळ्या वाजवू लागले, हरिश्चंद्राचेही हात वाजत होते, आणि त्या तालात त्याला एक दिवा आठवत होता. मशिनीच्या डिस्कवरचा लाल दिवा. निकालाच्या दुपारी तो एकेका मुलामागे लुकलुकायचा. लुक, एक मूल. लुक, दुसरं. सबंध दुपार अशी जायची. मार्सेल स्टुलावर बसून डुलक्या घ्यायचा आणि हरिश्चंद्राला त्या लुकलुकण्यात जपमाळेचे मणी सरकल्यासारखं वाटायचं. यंदा पाडव्याच्या सुमाराला मशिनीची नवी आवृत्ती आली. मुंबईहून कंपनीचे दोघं टेप घेऊन आले, त्यांनी जुनी व्यवस्था काढली, नवी चढवली, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रातले निम्मे प्रोग्रॅम आडवे पडले. प्रोग्रॅम मशिनीच्या भाषेत उतरवणाऱ्या नव्या भाषांतरयंत्राला जुन्या लिखाणातले कितीक शब्द चालेनात. पानंच्या पानं चुका छापून येत. महिनाभर हरिश्चंद्र त्या चुका निस्तरत होता. एकेक ओळ शोधायची, शब्द बदलायचा, पुन्हा चालवायचं. त्या कामात एक प्रकारचं सुख होतं. जे मोडलं होतं ते ओरडून सांगत होतं, मी इथे मोडलोय. निकालाचा प्रोग्रॅम मात्र एका चुकीशिवाय चालला. पडताळा घ्यायला त्याने गेल्या वर्षीची, जूनमध्ये सगळ्या जागा भरून झालेली एक शाळा चालवून पाहिली होती, आणि बेरजा तंतोतंत जुळल्या होत्या. आणि मग यंदाचा निकाल. चहा निवायच्या आत सगळ्या शाळा छापून बाहेर. सगळ्यांनी नव्या आवृत्तीचं कौतुक केलं. लाल दिवा सुरुवातीला एकदा लागला आणि विझला, तो विझलेलाच राहिला. तेव्हा त्याला आपलं काहीतरी हरवल्यासारखं वाटलं होतं, आणि वय झालं की नव्याचं असंच वाटतं, असं म्हणून त्याने ते झटकलं होतं.

उत्तररंगात बुवांनी कुठलं आख्यान लावलं ते त्याला दुसऱ्या दिवशी आठवेना. परतताना विमलाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "छान झालं." ती म्हणाली, "तुम्ही डोळे मिटून बसला होतात. मला वाटलं, लागली समाधी." स्कूटरच्या उजेडात रस्त्याकडेच्या केळी एकेक उजळून मागे पडत होत्या. एमिलीबायच्या ओटीवर दिवा होता, आणि उर्सुला पायरीवर गुडघ्यांना मिठी घालून एकटीच बसली होती. त्याने हॉर्न वाजवला. तिने हात केला नाही.

मशिनीच्या खोलीत चपला काढूनच जावं लागे. धूळ नको म्हणून तो नियम होता, पण थंड फरशीवर अनवाणी पाऊल पडलं, की हरिश्चंद्राचे हात आपसूक जोडले जायचे आणि मार्सेल म्हणायचा, "प्रसाद दुपारी मिळेल." मार्सेल विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहायचा, तोंडाने फटकळ होता आणि हरिश्चंद्राला पहिल्या दिवसापासून बुवाच म्हणत आला होता.

"नववीचा निकाल पुन्हा चालवायचा," हरिश्चंद्र म्हणाला.

"निकाल लागून पेढे पोटात गेले, बुवा. आता वरातीमागून घोडं कशाला?"

"निर्मळची शाळा तेवढी. आणि मधल्या पायऱ्याही छापायच्या."

मार्सेलने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे थट्टा केली नाही. टेप चढली. प्रिंटर खडखडला, कागद घडीघडीने खाली उतरू लागला. हरिश्चंद्राने उकिडवं बसून तो हातावर घेतला. पास्कल, विज्ञान, सत्तेचाळीस. त्याच्या खाली उर्सुला, विज्ञान, सत्तेचाळीस. पुढच्या पानावर पुन्हा एक कोरी जागा असायला हवी होती. तिथेही वरच्या मुलाचा आकडा खाली उतरून बसला होता. कागद अजून गरम होता. त्याच्या मनात आलं, की काल तोंडात होतं ते हेच. ही गोष्ट त्याला कालच कळली होती. फक्त ती वर यायला रात्र लागली.

कार्ड शोधून गुण आणायचं काम प्रोग्रॅममधला एक छोटा तुकडा करायचा. मोठा प्रोग्रॅम त्याला एकेका मुलासाठी हाक मारी. जुन्या व्यवस्थेत हाक आली की तो तुकडा दर वेळी डिस्कवरून नव्याने उचलून आणला जायचा, म्हणूनच तो दिवा लुकलुकायचा. आणि नव्याने आलेला तुकडा कोरा असायचा, आंघोळ घातलेल्या तान्ह्या मुलासारखा. त्याला आधीचं काही ठाऊक नसायचं. कार्ड मिळालं तर गुण लिही, नाही मिळालं तर काही करू नको, एवढंच हरिश्चंद्राने त्याला शिकवलं होतं, आणि काही न करणं म्हणजे कोरं ठेवणं हे त्या व्यवस्थेत खरं होतं. नवी व्यवस्था वेळ वाचवते. ती एकदा आणलेला तुकडा परत पाठवतच नाही, स्मृतीत बसवून ठेवते. पास्कलचं काम करून तो तुकडा तसाच बसून राहिला, हातात सत्तेचाळीस धरून. उर्सुलाची हाक आली. कार्ड मिळालं नाही. त्याने काही केलं नाही. हात पुढे केला.

"मग नव्या आवृत्तीच्या माथी मारा," मार्सेल म्हणाला. "आपलं लिखाण तेच आहे की."

"तिने काय चुकवलं? पुस्तकात लिहिलंय तसंच वागली. पाटी पुस असं मी कधी सांगितलंच नव्हतं. जुनी आपणहून पुसायची. मला वाटलं, पाटी असतेच पुसलेली."

मार्सेलने कागद उलगडला. "किती आहेत असे?"

इतर शाळा चालवल्या. फार नव्हते, आजारी मुलं ती किती असणार. बऱ्याच जणांच्या डोक्यावर चांगले आकडे उतरले होते, कोणी पास, कोणी वरच्या श्रेणीत. एका नावापाशी मार्सेलचं बोट थांबलं.

"हा फेबियन. आचोळ्याचा. माझ्या बहिणीच्या शेजारचा. याला गणितात नऊ?"

वरच्या मुलाला नऊ होते.

"बुवा, या पोराने मार खाल्लाय," मार्सेल हळू म्हणाला. "तो ओरडून सांगत होता, मी पेपरला नव्हतोच, मला गोवर होता. बाप म्हणाला, गोवर होता ते मला ठाऊक आहे, पण त्या दिवशी तू शाळेत गेला होतास, मास्तरांनी गोवर बघून घरी पाठवलं हे फक्त तूच सांगतोस. कॉम्प्युटर खोटं सांगेल का? बहीण सांगत होती, पट्टा तुटला."

खोलीतलं थंडीचं यंत्र घुमत होतं. हरिश्चंद्र फरशीवर बसूनच राहिला. त्याला त्या मुलाचा चेहरा ठाऊक नव्हता. त्या जागी त्याला स्वतःचाच लहानपणचा चेहरा दिसत होता, झांजेच्या आवाजात पेंगणारा. न कमावलेलं मिळतं तीच कृपा, असं त्याने किती कीर्तनांत ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. मग सत्तेचाळिसाला कृपा का म्हणू नये? एमिलीबायने गुडघे टेकले, आणि एका बसून राहिलेल्या तुकड्याने हात पुढे केला. देव कोणाच्या हाताने देईल याचा नेम नाही. तो दगडाच्या हाताने देतो, मग मशिनीच्या हाताने का नाही देणार? पण त्याच हाताने आचोळ्यात पट्टा दिला होता. जो वर बसलाय त्याचं खालच्याच्या पदरात, मग ते साखर असो की हिंग. यात कोणी कोणाकडे पाहिलेलं नव्हतं. देणाऱ्याने एकदा तरी तोंडाकडे पाहायला हवं, त्याला वाटलं. एवढं तरी.

तुरुस्ती एका ओळीची होती. तुकड्याच्या तोंडाशीच, काही शोधायच्या आधी, जागा कोरी कर.

"एक सांगू?" मार्सेल म्हणाला. "ओळ घाला. फेबियनचं आणि बाकीच्यांचं नीट करून पाठवा. आणि तुमच्या शेजारणीच्या पोरीचं राहू द्या. पास्कलच्या ताटातलं काही कमी झालं का? त्याचे त्याला आहेतच."

"तिच्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागेल."

"मग लिहा. दोन ओळी. कोण बघतंय?"

हरिश्चंद्राने पेन्सिल उचलली. दोन ओळी खरंच पुरल्या असत्या. तिच्या नंबरापाशी येऊन थांब, आणि सत्तेचाळीस म्हण. त्याला कुंपणाशी उभा राहिलेला तो उजळ चेहरा दिसला. कुवेतला निघालेलं पत्र दिसलं. रविवारी देवळात आभाराची मिस्सा, फादर नाव वाचताहेत, पुढच्या बाकावरच्या बायका मान वळवून बघताहेत. हे सगळं त्याला जाऊन मोडायचं होतं, आणि मोडायचं कशाने, तर खरं सांगून. खरं सांगण्याची चव त्याला कधी कडू वाटली नव्हती. कीर्तनात तर ती नेहमीच गोड असते, कारण शेवटी देव प्रकटतो. इथे शेवटी फक्त 'गैरहजर' छापून येणार होतं. पेन्सिलचं टोक कागदावर टेकून राहिलं, तिथे एक काळा ठिपका मोठा होत गेला. मग त्याने एकच ओळ लिहिली.

कार्ड बनलं, तुकडा पुन्हा भाषांतरित झाला, चालला. लाल दिवा लुकलुकला नाही. तो आता लुकलुकणार नव्हताच. कागदावर पास्कलच्या खाली उर्सुलापुढे कोरी जागा आली. फेबियनपुढेही आली. त्याने श्रीपत गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजारी मुलांचा पेपर शाळा उघडायच्या आधी घेतो आपण. या सगळ्यांचा घेऊ. आचोळ्याला मी स्वतः जातो." आणि शेवटी, "हरिश्चंद्र, काट मारली असती तर हे झालं नसतं का हो?"

"काट छापली असती, गुरुजी. पण तुम्ही मारली नसती."

"नसती मारली," गुरुजी म्हणाले.

संध्याकाळी तो घरी न जाता सरळ एमिलीबायच्या अंगणात गेला. कुंपणावरून बोलायची ही गोष्ट नव्हती. ती ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती, उद्याच्या बाजाराच्या. त्याला पुढच्या दाराने आलेला पाहून ती उठली, खुर्ची पुसली. "कॉफी टाकू?" म्हणाली. तो बसला नाही. त्याने सांगितलं. तिला समजेल अशा शब्दांत सांगायचं त्याने स्कूटरवर ठरवलं होतं, पण शब्द फार लागले नाहीत. ते गुण उर्सुलाचे नव्हते, दुसऱ्या मुलाचे होते, माझ्या प्रोग्रॅममधल्या चुकीने तिच्या नावापुढे आले. आता ते निघालेत. जूनमध्ये तिला पेपर द्यावा लागेल. आचोळ्याच्या मुलाचंही त्याने सांगितलं, आणि सांगताना आपण तिच्याकडे न बघता सुपातल्या कळ्यांकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

एमिलीबाय खाली बसली. तिने एक कळी उचलली, चांगली होती, तरी टाकायच्या ढिगात टाकली.

"तुमच्या हातून आलं म्हणाले होते मी," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही काल का नाही बोललात? खाल्लंत की गोड."

"काल मला ठाऊक नव्हतं. म्हणजे, ठाऊक होतं. कशाने ते ठाऊक नव्हतं."

"मी सगळ्या गावात सांगितलं, हरीभाऊ."

"मला ठाऊक होतं," आतून आवाज आला.

उर्सुला उंबऱ्यात उभी होती. आजारपणात केस गळले म्हणून आखूड कापलेले, फ्रॉक अंगावर सैल. तिची आई वळली. "काय ठाऊक होतं तुला?"

"मी पेपर दिला नव्हता, मग मला ठाऊक नसणार का? झोप नाही लागत मला. वाटायचं, कोणाचे तरी घेऊन बसलेय."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"तू दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतीस. मधे बोलायला जागा कुठे होती?" मग ती हरिश्चंद्राकडे वळली. "काका, कोणाचे होते?"

"तुझ्या आधीच्या नंबराचे. पास्कलचे."

उर्सुलाने भुवया वर केल्या.

"पास्कलला सत्तेचाळीस? मी बाजूला नसताना?"

"का गं?"

"तो वर्षभर माझंच बघून लिहितो. मला बावन्नच्या वर कधी पडले नाहीत." ती उंबऱ्यावर टेकली. "म्हणजे येतं त्याला. चोर कुठला."

हरिश्चंद्राला हसू आलं आणि ते त्याने दाबलं, कारण एमिलीबाय हसत नव्हती. ती सूप मांडीवर घेऊन माऊलीची मूर्ती ठेवलेल्या आल्ताराच्या कोनाड्याकडे बघत बसली होती. "मिस्सा मागे घेता येते," ती म्हणाली. "फादरना सांगेन. पण मी जे माऊलीला म्हणून बसले आहे, ते परत कसं घेऊ? एकदा आभार मानले ते मानले. आता तिथे काय राहिलं?"

त्याच्यापाशी आयुष्यभराची कीर्तनं होती. दाखले होते, दृष्टांत होते, कोणाचा तरी नवस, कोणाची तरी कसोटी. ते सगळे ओठांपर्यंत आले आणि एकेक करून मागे फिरले. त्यांतला एकही या ओटीवरचा नव्हता. बाहेर केळीची पानं वाऱ्याने फाटल्यासारखी वाजत होती.

"परत कशाला घेता?" तो म्हणाला. "राहू द्या तिथेच. पोरगी बरी झाली, त्याचे आभार धरा."

एमिलीबायने त्याच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी आठवत होतं आणि ते तिला नीट आठवायचं नव्हतं, असं तिच्या तोंडावर दिसलं.

"ते मी मागितलंच नव्हतं," ती हळूच म्हणाली. "एवढे दिवस गुडघे टेकले आणि एकच म्हणत होते, पोरीचं वर्ष वाचू दे. शाळेचंच डोक्यात. ताप उतरत नव्हता तरी मी वर्षच मागत होते."

उर्सुला नखाने उंबऱ्यावरचं मेण खरवडत होती.

"इकडे ये," एमिलीबाय म्हणाली.

"काय गं, आई. आता मारणार आहेस का?"

"ये म्हटलं ना."

उर्सुला आली. आईने सूप बाजूला ठेवलं, मोगऱ्याचा वास लागलेल्या हाताने तिची हनुवटी धरली, तोंड मावळत्या उजेडाकडे वळवलं, आणि अंगठ्याने खालची पापणी ओढून पाहिली. मग दुसरी. डोळे पांढरेस्वच्छ होते. तरी ती बघतच राहिली.